हाकणारा कुत्रा आणि राखणारा कुत्रा

रील्समुळे कॉर्गी आता घरोघरी ओळखीचा झालाय. आखूड पाय, उभे कान, हसरं थोबाड. ब्रिटनच्या दिवंगत एलिझाबेथ राणीचा लाडका. पण हा मुळात गुराख्याचा कुत्रा. वेल्समध्ये तो गुरं हाकायचा. उंची जेमतेम फूटभर, वजन 10 ते 14 किलो. अडून बसलेल्या गाईच्या मागे जाऊन तो खुराच्या वर हलकेच चावतो आणि त्याच क्षणी जमिनीला चिकटतो. गाय लाथ झाडते, ती त्याच्या डोक्यावरून जाते! त्याच्या बुटकेपणाचं मूळ एका जनुकाच्या जादा प्रतीत असल्याचं 2009 साली संशोधकांनी दाखवलं.

वाशीमच्या मेंढपाळाला मात्र हा कुत्रा काय कामाचा? त्याच्या मेंढ्या शीळ, काठी आणि पुढे चालणाऱ्या शेळीच्या जोरावर चालतात. खरा प्रश्न रात्रीचा असतो. सोयाबीन निघालं, मागाहून तूर निघाली, की शेतकरी खतासाठी रिकाम्या वावरात मेंढ्या बसवून घेतात. उघड्या माळावर लांडग्याची भीती असतेच. तिथे लागतो राखणदार.

धनगराच्या वाड्यावरच्या बहुतेक कुत्र्यांना ना जातीचं नाव, ना कागदपत्रं. पिल्लू कोकरांतच लोळत वाढतं, मेंढ्यांनाच आपलं गोत मानतं. कॉर्गीत शिकाऱ्याची पाठलाग करायची खोड जपली गेली. इथे नेमकी तीच नको असते. कोकरांमागे धावणारं पिल्लू वाड्यावर टिकत नाही. दिवसभर सुस्त पडलेला हा गडी अंधार पडला की मेंढ्यांभोवतीच्या जाळीबाहेर बसतो. वारा फिरला की उठतो, नाक वर करतो, भुंकतो. बहुतेकदा तेवढ्यानेच धनगर जागा होतो आणि लांडगा वाट बदलतो. लांडग्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्याला न मारता कळप वाचवायचा याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या जिल्ह्यात दाट दुहेरी केसांचा कॉर्गी केवळ हौसेखातर आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या वावरात मेंढ्या बसल्या असतील, तर दुरूनच धनगराला हाक द्या, कुत्र्यावर दगड उचलू नका. आणि गावात रेबीजच्या लसीकरणाचं शिबिर लागलं, तर वाड्यावर निरोप धाडा. फिरस्त्या माणसाच्या कुत्र्याला लस सहसा मिळत नाही.