सहलीच्या दिवशी घरात आजारपण आलं तर: आधी पेशंट, मग तिकीट

नोव्हेंबर 2023. दिवाळीच्या सुट्ट्या लागलेल्या. आमच्या बोदवडच्या घरात चार दिवसांपासून बॅगा भरणं चालू होतं. भुसावळहून संध्याकाळी 5 वाजून 10 मिनिटांची गाडी, सकाळी आग्रा, तिथून दिल्ली. सहा तिकिटं थर्ड एसीची, तीन महिने आधी काढलेली. मुलांनी ताजमहाल फक्त पुस्तकात पाहिलेला आणि अम्मींनी तर आयुष्यात बुरहानपूरच्या पलीकडे सहल अशी केलीच नव्हती.

त्या दिवशी पहाटे फजरच्या वुजूला बसल्या असताना अम्मींच्या डाव्या हातातून लोटा सुटला. हात जड वाटला, बोटं नीट मिटेनात. हे आम्हाला कधी कळलं? सकाळी साडेआठला, नाश्त्याच्या वेळी, त्यांचं बोलणं अडखळायला लागलं तेव्हा. तीन तास त्या गप्प राहिल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "बच्चे इतने खुश थे, मैं कैसे बोलती?"

आणि पुढचा सव्वा तास आम्ही घालवला. हो, आम्हीच. कुणी म्हणालं रात्री झोपताना हात दबला असेल. कुणी मोहरीच्या तेलाने मालिश करून दिली. कुणी म्हणालं, गाडी संध्याकाळची आहे, दुपारपर्यंत बघू, बरं वाटलं तर निघू. अम्मी स्वतःच सांगत होत्या की तुम्ही जाऊन या, मला फूफीकडे सोडा. तिकिटाचे पैसे, हॉटेलचा अॅडव्हान्स, मुलांचे उतरलेले चेहरे, हे सगळं डोळ्यांसमोर होतं. पावणेदहाला घरातून निघालो. आधी गावातल्या सरकारी दवाखान्यात, तिथल्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, जळगावला न्या, सीटी स्कॅन लागेल. 108 च्या गाडीतून जळगावला पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते.

तिथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: "या शेवटच्या नीट कधी होत्या?"

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. तिकिटाचे पैसे परत कसे मिळवायचे तेही पुढे सांगणार आहोत, पण आधी हे.

लकव्यात घड्याळ का महत्त्वाचं?

आपण ज्याला लकवा किंवा पॅरालिसिसचा अटॅक म्हणतो, तो बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे येतो. काही जणांमध्ये रक्तवाहिनी फुटून येतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक सीटी स्कॅनमध्ये कळतो. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, पण लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच. जितकं लवकर, तितका फायदा जास्त. काही पेशंटमध्ये तारेने गुठळी काढण्याचा उपचार त्यानंतरही होऊ शकतो, पण ती सोय मोठ्या शहरातल्या मोजक्या ठिकाणी असते.

अम्मींचा लोटा सुटला साडेपाचला. साडेचार तास म्हणजे दहा वाजेपर्यंत. त्या वेळी आम्ही अजून गावातच होतो. त्यांनी सहाला सांगितलं असतं आणि आम्ही लगेच निघालो असतो, तर इंजेक्शनचा विचार तरी झाला असता. आज अम्मी चालतात, बोलतात, अल्लाहचा शुक्र आहे. पण डाव्या हाताने त्यांना अजूनही पीठ मळता येत नाही.

लक्षणं ओळखायला डॉक्टर असण्याची गरज नाही. चार गोष्टी लक्षात ठेवा.

चेहरा: हसायला सांगा. तोंड एका बाजूला वाकडं होतं का?
हात: दोन्ही हात समोर उचलायला सांगा. एक हात खाली येतो का?
बोलणं: साधं वाक्य म्हणायला सांगा. शब्द अडखळतात का?
वेळ: यातलं एक जरी असेल तरी घड्याळ पाहा, वेळ लिहून ठेवा आणि निघा.

अचानक तोल जाणं किंवा एका डोळ्याने दिसेनासं होणं, हीही धोक्याचीच खूण आहे. काही मिनिटांत सगळं आपोआप बरं झालं तरी दवाखान्यात जायचंच. तो पुढच्या मोठ्या अटॅकचा इशारा असू शकतो.

काय करू नये, तेही ऐका. पाणी, चहा, दूध पाजू नका. गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं. घरातली रक्त पातळ करायची गोळी मनाने देऊ नका, कारण रक्तस्राव असेल तर ती घातक ठरेल. मालिश, कबुतराचं रक्त, झाडफूंक यात एक मिनिटही घालवू नका. दुआ जरूर करा, गाडीत बसून करा.

108 आणि कागदपत्रं

महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका सेवा 2014 पासून चालू आहे आणि ती मोफत आहे. फोन लावल्यावर गावाचं नाव, जवळची खूण (मशीद, शाळा, स्टेशन) आणि पेशंटला काय होतंय एवढं शांतपणे सांगा. "लकव्याची लक्षणं, अमुक वाजता सुरू झाली" असं स्पष्ट सांगा. आपल्या तालुक्यातून जळगावचं अंतर पाहता दारातला उशीरच सगळ्यात महाग पडतो, हे ध्यानात असू द्या.

खर्चाची भीती हेही थांबण्याचं एक कारण असतं. राज्यात 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपल्या खानदेशातला धुळे जिल्हा होता. 2017 पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. जुलै 2024 पासून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली आहे आणि वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात "आरोग्यमित्र" बसतो, त्याला आधी गाठा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड लागतं. इमर्जन्सीत आधी भरती होऊन कागद नंतर देता येतात. चौकशीसाठी 155388 हा नंबर आहे.

आता तिकिटाचं

दवाखान्यात असताना तिकीट कुणाला आठवतं? आम्हालाही आठवलं नव्हतं. आमच्या भाच्याने भुसावळहून फोन केला, "मामू, तिकीट कॅन्सल केलं का?" आयआरसीटीसीचा पासवर्ड फक्त आमच्या मोबाईलमध्ये होता आणि तो मोबाईल घरी चार्जिंगला. शेवटी मुलीने घरून पासवर्ड कळवला आणि भाच्याने 12 वाजून 40 मिनिटांनी तिकिटं रद्द केली. आणखी अर्धा तास गेला असता तर एक रुपया मिळाला नसता. का, ते समजून घ्या.

रेल्वेच्या नोव्हेंबर 2015 पासूनच्या नियमांप्रमाणे, जे आमच्या तिकिटांना लागू होते, कन्फर्म तिकिटाचा हिशोब असा होता:

- गाडी सुटण्याच्या 48 तासांहून आधी रद्द केलं तर प्रत्येक प्रवाशामागे ठरलेली कपात: स्लीपरला 120 रुपये, थर्ड एसीला 180, सेकंड एसीला 200. एसीला जीएसटी वेगळा.
- 48 ते 12 तासांच्या दरम्यान: भाड्याच्या 25 टक्के कपात.
- 12 ते 4 तासांच्या दरम्यान: 50 टक्के कपात.
- 4 तासांपेक्षा कमी वेळ राहिला तर काहीच परत नाही.
- कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर कधीही परतावा नाही.
- वेटिंग किंवा आरएसी असेल तर गाडीच्या अर्धा तास आधीपर्यंत, प्रवाशामागे 60 रुपये कापून.

रेल्वे हे नियम अधूनमधून बदलते, काही नव्या गाड्यांना वेगळे नियमही असतात. म्हणून तिकीट काढतानाच त्या गाडीचा नियम पाहून घ्या आणि तिकिटाच्या मागे पेनाने लिहा की "या वाजेपर्यंत रद्द करायचं." आमचे साधारण साडेसात हजारांतले साडेतीन हजारांच्या आसपास परत आले. घरात कुणी आजारी पडलं म्हणून या हिशोबात वेगळी सूट नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

काउंटरवरून काढलेलं तिकीट असेल तर फॉर्मवर मोबाईल नंबर दिलेला असल्यास ते 139 वर किंवा आयआरसीटीसीच्या वेबसाइटवरून रद्द करता येतं. पैसे मात्र नंतर काउंटरवर जाऊन घ्यावे लागतात.

आणखी दोन वाटा आहेत. एक, सगळ्यांचं तिकीट रद्द करायचं नसेल तर ई-तिकिटातले मोजकेच प्रवासी रद्द करता येतात. दोन, जाणाऱ्याच्या जागी घरातलं दुसरं माणूस पाठवायचं असेल, म्हणजे आईवडील, भाऊबहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांपैकी, तर गाडीच्या 24 तास आधी स्टेशनवर अर्ज देऊन नाव बदलता येतं. ऑपरेशनची तारीख आधीच कळली तर हा मार्ग कामाचा.

तिकीट काढताना काही पैशांचा विमा घेतो, त्याबद्दल मोठा गैरसमज आहे. तो विमा रेल्वे अपघातासाठी आहे: मृत्यू, अपंगत्व, अपघातानंतर दवाखान्याचा खर्च. सहल रद्द झाली तर त्यातून काही मिळत नाही. त्यासाठी वेगळा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो आणि त्यातही जुनं दुखणं बहुतेक वेळा वगळलेलं असतं. बीपी-शुगर असलेल्या घरांनी ती अट वाचूनच पैसे भरावेत.

विमानाचं तिकीट "नॉन-रिफंडेबल" असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं. बरेच लोक मागतच नाहीत.

हॉटेल आणि टूरवाले

इथे आमचा अनुभव दोन प्रकारचा. आग्र्याच्या छोट्या लॉजवाल्याने फोनवर ऐकून घेतलं, अॅडव्हान्स पुढच्या तारखेसाठी जमा ठेवला. दिल्लीत गाडी ठरवून देणाऱ्याने मात्र "बुकिंग म्हणजे बुकिंग" म्हणून फोन ठेवला. आमच्याकडे पावतीसुद्धा नव्हती, सगळं तोंडी. शिक्षक असून ही चूक.

म्हणून अॅडव्हान्स देताना रद्द करण्याची अट व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी घ्या. रद्द करताना फोनसोबत मेसेजही करा, म्हणजे वेळेचा पुरावा राहतो. रोख परत मागण्याआधी तारीख बदलून मागा, ते पटकन मिळतं. दवाखान्याचं भरतीचं कार्ड, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, बिलं यांचे फोटो एका जागी ठेवा. तरीही अन्याय झाला असं वाटलं तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, जळगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे आणि 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही.

एक फरक लक्षात घ्या. रद्द आपण केलं तर कपात, समोरच्याने केलं तर पूर्ण परतावा. 2020 मध्ये कोरोनामुळे सौदी सरकारने 27 फेब्रुवारीला बाहेरच्या देशांचा उमरा थांबवला आणि पुढे हजही फक्त तिथे राहणाऱ्यांपुरता झाला. तेव्हा हज कमिटीने देशातल्या सुमारे 2 लाख 13 हजार अर्जदारांचे पैसे काहीही न कापता परत केले. गाडी रेल्वेने रद्द केली तरी हाच नियम, पूर्ण पैसे परत.

"नियत केली होती" याचं काय?

आमच्या घरात एका बुजुर्गांनी विचारलं, निघायची नियत करून थांबणं बरं का? त्यांना आम्ही बद्रची आठवण दिली. हिजरी 2 मध्ये, म्हणजे इ.स. 624 साली, हजरत उस्मान (रजि.) बद्रला गेले नाहीत. त्यांच्या पत्नी, पैगंबरांच्या कन्या हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या आणि खुद्द पैगंबर (सल्ल.) यांनीच त्यांना मदिनेत थांबायला सांगितलं होतं. तरीही त्यांना बद्रमध्ये सामील असलेल्यांचाच हिस्सा मिळाला. बद्रसारख्या प्रसंगी आजारी माणसाजवळ थांबण्याला एवढा मान, मग ताजमहालचं काय घेऊन बसायचं?

निघण्याआधी एवढं करा

सहलीच्या आठवड्यात घरातल्या मोठ्यांचं बीपी-शुगर तपासून घ्या. बॅगा भरण्याच्या गडबडीत अम्मींच्या बीपीच्या गोळ्या पाच दिवस चुकल्या होत्या, हे आम्हाला दवाखान्यात कळलं. औषधांच्या चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. तिकिटाचा पासवर्ड घरातल्या किमान दोन माणसांना माहीत असू द्या. इमर्जन्सी आली तर एक माणूस पेशंटसोबत आणि दुसरा तिकीट-हॉटेल बघणारा, अशी वाटणी करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या घरातल्या बायका दुखणं लपवतात. सहल असो, लग्न असो, रमजानची इफ्तारी असो, "माझ्यामुळे सगळ्यांचा मूड जाईल" म्हणून गप्प राहतात. "बरं आहे ना?" असं विचारलं की उत्तर "हो"च येणार. तसं विचारू नका. समोर बसून विचारा, हात दाबून बघा, आणि मुलांसमोरच सांगून टाका की कुणाला काही होत असेल तर आपण थांबू, कुणी रागावणार नाही.

मे महिन्यात आम्ही तो लॉजवाल्याकडचा अॅडव्हान्स वापरला. अम्मी व्हीलचेअरवर होत्या. ताजमहालसमोर धाकट्याने विचारलं, "दादी, उस दिन बताया क्यों नहीं?" त्या म्हणाल्या, "अब बताऊंगी." परवा साधा ताप आला तरी त्यांनी स्वतःहून सांगितलं.