शस्त्रक्रियेवाचूनचा इलाज

वार्धक्य, क्षीण श्वसनशक्ती अथवा हृद्रोग यांमुळे ज्याच्या फुप्फुसावर शस्त्र चालविणे धोक्याचे ठरते, त्या कर्करुग्णाचा इलाज तेथेच खुंटला असे मानण्याचे मुळीच कारण नाही. गाठ लहान व एकाच जागी असेल, तर श्वासाबरोबर होणारी तिची हालचाल सीटी स्कॅनने टिपून, अनेक दिशांनी सोडलेले तीव्र किरण तिच्यावरच एकवटतात आणि बहुधा ३ ते ८ बैठकांत उपचार पुरा होतो. रोग छातीतील लसिकाग्रंथींपर्यंत पसरला असल्यास मात्र, प्रकृतीस झेपेल तर केमोथेरपीच्या जोडीने, सुमारे ६ आठवडे किरणांची एकूण ६० ग्रे मात्रा विभागून द्यावी लागते. किरणोपचारांचेच बोलायचे, तर नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची ‘ॲक्ट्रेक’ संस्था आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडविलेले ‘भाभाट्रॉन’ हे किरणोपचाराचे स्वदेशी कोबाल्ट यंत्र प्रथम तेथेच बसले, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते. शस्त्रक्रिया नाकारली गेल्यास आप्तांनी किरणोपचारतज्ज्ञाची भेट विनाविलंब घ्यावी.