हायड्रॉलिकची गळती : सील बदलण्याआधी कारण शोधा

नागपूरच्या लकडगंजच्या नावातच लाकूड आहे. विदर्भाच्या जंगलातील सागवान येथील आरागिरण्यांत कापले जाते आणि दूरदूरच्या बाजारांत जाते. दिल्लीतील संसदेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन मे २०२३ मध्ये झाले, तिच्यासाठीही नागपूरचे सागवान वापरले गेले. या इमारती लाकडाच्या जोडीला जळाऊ लाकडाचा धंदा चालतो. बेकरीची भट्टी असो की लग्नातील देग, तिला फोडलेले लाकूड लागते. बाभळीचा गाठाळ ओंडका घण आणि पाचर घेऊन फोडणे म्हणजे कंबर मोडण्याचे काम. तेच काम हायड्रॉलिकवर चालणारे ओंडके फोडण्याचे यंत्र काही सेकंदांत करते. पण हे यंत्र तेल गाळू लागले की मालक वैतागतो आणि मिस्त्रीकडे एकच मागणी करतो, “सील बदलून द्या.”

सील बदलली जाते, पैसे दिले जातात, आणि पंधरा दिवसांनी तेल पुन्हा टपकू लागते. मालकाला वाटते, मिस्त्रीने फसवले. मिस्त्रीला वाटते, सील नकली निघाली. बहुतेक वेळा दोघेही चुकतात. सील कशामुळे फाटली, हे कोणी पाहिलेलेच नसते. कोळशाच्या टिपरचा जॅक, जिनिंग-प्रेसिंगमधील गाठींचा प्रेस आणि जेसीबीचा हात यांची रचना मुळात अशीच असते. म्हणून हा विषय आमच्या सर्वच कारागीर बांधवांच्या उपयोगाचा आहे.

दाब किती असतो?

इंजिन किंवा मोटर पंप फिरवते, पंप टाकीतील तेल ढकलतो, कंट्रोल व्हॉल्व्ह ते तेल सिलिंडरच्या एका बाजूला सोडतो आणि रॉड पुढे सरकून ओंडका पाचरीवर दाबतो. सिलिंडरचा आतला व्यास १०० मिलिमीटर असेल तर पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब धरला तर जोर पावणेबारा टनांच्या आसपास जातो. हाच दाब होज पाइपमध्ये, निपलमध्ये आणि प्रत्येक सीलवर असतो.

म्हणूनच सर्वात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. चालू यंत्राची गळती हाताने कधीही चाचपू नये. पाइपच्या बारीक छिद्रातून निघणारी तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती कातडीतून आत शिरते. वर सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. आत मात्र तेल मांस नासवीत जाते. अशा वेळी हळद किंवा मलम लावून घरी बसू नये. ताबडतोब मेडिकल, मेयो किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे आणि “दाबाचे तेल आत गेले आहे” असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. शस्त्रक्रियेला काही तासांचा उशीर झाला तर बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. कारागिराचा हात हीच त्याची दुकानदारी आहे.

धार शोधायची असेल तर लांब पुठ्ठा पाइपजवळून फिरवावा, डोळ्यांवर चष्मा ठेवावा. कोणताही जोड सोडण्यापूर्वी इंजिन बंद करावे, रॉड टेकवून ठेवावा आणि व्हॉल्व्हचा दांडा दोन्ही बाजूंना हलवून अडकलेला दाब काढून टाकावा.

गळतीचे ठिकाण

तेल खाली वाहते, म्हणून जेथे थेंब पडतो तेथेच गळती आहे असे समजू नये. यंत्र धुऊन कोरडे करावे, संशयाच्या जागी खडूची पूड भुरभुरावी, मग थोडा वेळ चालवून पुठ्ठ्यासह वरून खाली पाहत यावे. पूड प्रथम जेथे ओली होईल तेथे दोष आहे.

सर्वच गळती बाहेर दिसत नाही. टाकीत फेस येत असेल आणि पंप गुरगुरत असेल तर सक्शनच्या पाइपमधून हवा आत ओढली जात आहे. बाहेर थेंबही नाही, पण ओंडका अर्ध्यावर अडतो, अशी तक्रार असेल तर पिस्टनची सील तपासावी. रॉड पूर्ण बाहेर काढावा, यंत्र बंद करून दाब सोडावा, रॉडच्या बाजूचा पाइप काढून त्याच्या तोंडावर डाट लावावा आणि सिलिंडरच्या मोकळ्या तोंडाखाली भांडे ठेवावे. मग बाजूला उभे राहून दांडा रॉड बाहेर ढकलण्याच्या दिशेनेच हळूच दाबावा. त्या तोंडातून तेल येत राहिले तर पिस्टनची सील गेली. तेल आले नाही तर सिलिंडर न खोलता पंप आणि रिलीफ व्हॉल्व्हकडे वळावे. एवढ्या तपासाने अर्ध्या दिवसाची मजुरी वाचते.

सील का फाटते?

१७९५ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. त्या प्रेसची मोठी अडचण गळतीचीच होती. दाब वाढला की रॅमच्या कडेने पाणी निसटे. त्याच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले या कारागिराने कातड्याची वाटीसारखी सील बसवून ती दूर केली, असे सांगितले जाते. दाब वाढेल तशी त्या वाटीची कड अधिक घट्ट चिकटे. आजची यू-सील याच तत्त्वावर चालते. म्हणून तिची उघडी बाजू दाबाकडे हवी. उलटी बसवलेली सील नवी असूनही गळते.

ग्लँड खोलण्याआधी रॉडवरून नख फिरवावे. नख अडकले तर रॉडला ओरखडा आहे आणि तो नवी सीलही कापणार. असा रॉड घासून, हार्ड क्रोम करून घ्यावा लागतो. लाकडाच्या वखारीत भुसा आणि माती रॉडला चिकटते, म्हणून बाहेरची वायपर सीलही बदलावी. माप जुन्या फुगलेल्या सीलवरून न घेता खाचेवरून घ्यावे. खनिज तेलाला नायट्राइल रबर चालते. ब्रेक-ऑइलसाठी बनवलेली सील त्यात फुगून निकामी होते.

जोड गळतो म्हणून पाना लावून आवळत राहिल्यास आटे जातात. सरळ आट्यांच्या जोडात ओ-रिंग किंवा डॉवटी वॉशर हवा. तेथे गुंडाळलेल्या टेफलॉन टेपचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात. फुटलेल्या होजवर ट्यूबची पट्टी बांधणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. नवा होज योग्य दाबाचा घ्यावा आणि त्यावरची छापील रेघ सरळ राहील असा, पीळ न देता बसवावा.

जोर वाढावा म्हणून काही जण रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळतात. मीटर न लावता हे केले तर सर्व सील एकापाठोपाठ जातात. तेलाचेही तसेच. नागपूरचा उन्हाळा ४७ अंशांच्या पुढे गेल्याची नोंद आहे; अशा उन्हात तेल पातळ होऊन बारीक फटीतूनही निसटते. डब्यावरील ४६ आणि ६८ हे आकडे ४० अंशांवरील घट्टपणा दाखवतात. आपल्या यंत्रासाठी उन्हाळ्यात कोणता आकडा चालतो, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहावे.

हिशेब आणि विश्वास

सेकंदाला एक थेंब म्हणजे क्षुल्लक वाटते. पण आठ तासांत २८,८०० थेंब, म्हणजे सुमारे दीड लिटर तेल जमिनीत जाते. महिन्याचे पंचवीस दिवस काम धरले तर सहा महिन्यांत २१० लिटरचे एक पिंप रिकामे होते. शिवाय तेलात भिजलेल्या भुशाला ठिणगी लागली तर वखार जळते, ते वेगळेच.

मालकाने “फक्त सील बदला” म्हटले तरी मिस्त्रीने रॉडचा ओरखडा त्याला दाखवावा, दोन्ही खर्च सांगावेत आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. जुनी सील परत द्यावी. बिलावर काय बदलले, कोणते तेल भरले आणि दाब किती ठेवला, हे लिहावे. यात पाच मिनिटे जातात. त्या कागदामुळे पुढच्या वेळी वाद होत नाही, आणि तेच गिऱ्हाईक आपला टिपरही त्याच दुकानात घेऊन येते.