तेलावर पोसणारी शिबं

आषाढात नाते, महाड, पोलादपूर या पट्ट्यात अंगावरचं काही वाळत नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, प्लॅस्टिकची खोळ पांघरून दिवसभर लावणी, आणि खोळीच्या आत घाम. मग मानेवर, पाठीवर, दंडावर फिकट डाग उमटतात. शिबं. पुष्कळ घरांत त्यावर खोबरेल चोळलं जातं आणि नेमकं तिथेच चुकतं.

शिबं उठवणारी मॅलॅसेझिया ही यीस्ट बाहेरून येत नाही; बहुतेकांच्या त्वचेवर ती एरवीही गुपचूप नांदत असते. तिच्या ग्लोबोसा या जातीचा जीनोम २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. जनुकं जेमतेम ४३००. पावाच्या यीस्टकडे ६००० च्या घरात. जी नव्हती त्यांतलं एक मात्र चक्रावून टाकणारं होतं : फॅटी ॲसिड सिंथेजचं. हे एन्झाइम मेदाम्लं घडवतं आणि मेदाम्लांशिवाय पेशीचं पटल उभं राहत नाही. कॅन्डिडा अल्बिकन्स या दुसऱ्या यीस्टमध्ये हे काम प्रयोगशाळेत बंद पाडलं, तर बाहेरून मेदाम्लं घातल्याशिवाय ती वाढत नाही. मॅलॅसेझियाने तर ते उत्क्रांतीच्या ओघात स्वतःच सोडून दिलं. शेजारून रोज ताक येत असेल तर दावणीला म्हैस बांधायची कशाला? आपल्या त्वचेतल्या ग्रंथी तेलकट सिबम पाझरतात. ते फोडणाऱ्या लायपेज एन्झाइमांची जनुकं मात्र तिच्याकडे भरपूर आहेत. म्हणूनच शिबं लहान मुलांपेक्षा वयात आलेल्यांना जास्त, आणि प्रयोगशाळेत ही यीस्ट वाढवायची तर ऑलिव्ह तेलासारखा मेद घालावा लागतो. शिरेतून मेदाचं सलाइन दिलेल्या नवजात अर्भकांच्या रक्तातही ती वाढल्याचं १९८१ पासून नोंदलेलं आहे.

साधारण ११ ते २४ कार्बनची मेदाम्लं तिला चालतात. खोबरेलात जवळपास निम्मं असतं ते लॉरिक आम्ल, १२ कार्बनचं.

एक मेद मात्र तिला आयता मिळत नाही : एर्गोस्टेरॉल. तो माणसाच्या अंगात नसतोच, त्यामुळे घरीच बनवावा लागतो. किटोकोनॅझोल हे औषध बरोबर हे बनवणंच अडवतं. शिबं म्हणजे कोड नव्हे, हेही घरच्यांना सांगायला हवं, विशेषतः लग्नाच्या मुलीच्या घरी. यीस्ट आटोक्यात आल्यावरही रंग परतायला काही महिने लागतात. नखाने खरवडल्यावर बारीक कोंडा सुटायचा थांबला, की औषध लागू पडलं समजावं.