पासोडी, पर्वत आणि सात महाल

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी आत्म्याचा विचार कापडावर लिहिला. थंडीत अंगावर घ्यायची जाडीभरडी पासोडी असते, तसले कापड. लांबी सुमारे चाळीस फूट, रुंदी सुमारे चार फूट. त्यावर ओव्या, आकृत्या आणि कोष्टके. पंचमहाभूतांच्या मिश्रणातून देह कसा उभा राहतो, स्थूल देहाच्या आत सूक्ष्म, त्याच्या आत कारण आणि त्याही पलीकडे महाकारण कसा आहे, आणि या साऱ्यांहून निराळा राहून पाहणारा साक्षी कोण, हा पंचीकरणाचा सगळा पसारा त्यांनी एका नजरेत यावा असा मांडला. ही पासोडी अंबाजोगाईत दासोपंतांच्या देवघरात जपलेली आहे. दासोपंतांचा जन्म शके १४७३ मधला, म्हणजे इ. स. १५५१ चा, आणि समाधी शके १५३७ मधली.

या काळात, १५७८-७९ च्या सुमारास, स्पेनमध्ये एक संन्यासी कागदावर पर्वत काढत होता. त्याचे नाव क्रूसाचा योहान. बेआस नावाच्या गावातील मठात राहणाऱ्या धर्मभगिनींना आत्म्याची वाट समजावी म्हणून त्याने हे चित्र काढले आणि त्याच्या प्रती त्यांना वाटल्या. चित्रात तीन वाटा आहेत. एका बाजूची ऐहिक सुखांच्या ओढीची. दुसऱ्या बाजूची स्वर्गीय सुखांच्या ओढीची: समाधान, ज्ञान, आनंद, विसावा. या दोन्ही वाटा शिखरापर्यंत जात नाहीत. मधली अरुंद वाट तेवढी सरळ वर जाते आणि तिच्यावर एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिला आहे, ‘काही नाही’. शिखराजवळ योहानाने असेही नोंदवले आहे की इथून पुढे वाटच नाही.

दासोपंतांना योहान ठाऊक असणे शक्य नव्हते, योहानाला दासोपंत. तरीही दोघांनाही आत्म्याबद्दल लिहिताना केवळ शब्द पुरले नाहीत, रेघा ओढाव्या लागल्या. मला या दोन नकाशांच्या निमित्ताने शोध घ्यायचा आहे तो ख्रिस्ती गूढवाद्यांच्या आत्म्याचा. बीड जिल्ह्यातल्या वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही. ज्या अंबाजोगाईत मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये पूर्ण झाला असे परंपरा मानते, त्या गावाने जीव आणि शिव यांचा प्रश्न आठशे वर्षे उशाशी घेतला आहे.

त्या ख्रिस्ती जगाचा आणि आपला संबंध तसा अगदीच तुटक नव्हता. योहान पर्वताचे चित्र काढत होता त्याच सुमारास, ऑक्टोबर १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. साष्टीत राहून तो मराठी शिकला आणि १६१६ मध्ये राशोल येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले: रोमन लिपीत, पण दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांत. दासोपंतांच्या समाधीला तेव्हा जेमतेम वर्ष झाले असेल. योहानाचा स्वतःचा संघ, म्हणजे कार्मेल पर्वताच्या नावाने ओळखले जाणारे अनवाणी संन्यासी, १६२० मध्ये गोव्यात आला आणि १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबईची कॅथलिक चर्चे याच संघाच्या हाती सोपवली. पुढची शंभराहून अधिक वर्षे मुंबईतल्या कॅथलिकांचे धर्मगुरू योहान आणि त्याच्याच संघाची आविलाची तेरेसा यांना आपले संस्थापक मानणारे होते.

आता मूळ प्रश्न. ख्रिस्ती विचारात आत्मा म्हणजे काय?

पहिली गोष्ट अशी की तो निर्मित आहे. तो अनादी नाही, देवाचा तुटलेला अंश नाही आणि त्याला मागचे जन्म नाहीत. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने आत्मे देहांच्या आधीपासून असतात असे मांडले होते. चर्चने ते पुढे नाकारले. दुसरी गोष्ट, हा निर्मित आत्मा देवाच्या प्रतिमेचा आहे. ऑगस्टीनने (३५४–४३०) ही प्रतिमा माणसाच्या आतच शोधली. स्मृती, बुद्धी आणि इच्छा या तिन्ही शक्ती वेगळ्या, तरी मन एकच, आणि त्यात त्याला त्रैक्याची छाया दिसली. तिसरी गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला सर्वांत अडखळायला लावते. देह हा आत्म्याचा तुरुंग नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ठामपणे सांगितले की देह आणि आत्मा मिळून एक माणूस होतो, आणि ख्रिस्ती श्रद्धेत शेवटी देहाचेही पुनरुत्थान आहे. पंचीकरण देहाचा एकेक थर बाजूला सारत साक्षीपर्यंत जाते. ख्रिस्ती साधकाला देह सारून टाकता येत नाही, कारण त्याच्या श्रद्धेप्रमाणे देवानेच देह धारण केला.

मग निर्मित आत्मा आणि निर्माता देव यांचे मीलन होते म्हणजे नेमके काय होते? गूढवाद्यांमधला खरा वाद इथेच पेटला.

माइस्टर एकहार्ट (सुमारे १२६०–१३२८) हा जर्मन डॉमिनिकन संन्यासी ज्ञानेश्वरांचा समकालीन. तो पंडितांच्या लॅटिनमध्ये लिहीत असे, पण प्रवचने लोकांच्या जर्मनमध्ये देई. आत्म्याच्या तळाशी एक ठिणगी आहे, तिथे देवाचा तळ आणि आत्म्याचा तळ एकच आहे, असे तो सांगे. त्या तळापर्यंत जायचे तर ‘माझे’ म्हणून जे जे आहे ते सुटले पाहिजे, अगदी देवाविषयीची आपली कल्पनाही. मुकुंदराजांनी हे ऐकले असते तर मान हलवली असती. चर्चने मात्र १३२९ मध्ये, एकहार्टच्या मृत्यूनंतर, त्याची २८ विधाने दोषी किंवा संशयास्पद ठरवली. आत्म्यात काही अनिर्मित आहे हा विचारही त्यांत होता. त्याच्या आधी, १३१० मध्ये, मार्गेरीत पोरेत या स्त्रीला पॅरिसमध्ये जिवंत जाळले होते. प्रेमात स्वतःची इच्छा पुरती विरून गेलेल्या आत्म्याबद्दल तिने लोकभाषेत पुस्तक लिहिले आणि बंदी आल्यावरही ते मागे घेतले नाही. आपली लोकभाषेतली संतपरंपराही छळ सोसून उभी राहिली, त्यामुळे मार्गेरीतचे नाव इथे घेताना मला ती दूरची वाटत नाही.

एकहार्टला अद्वैताच्या शेजारी बसवण्याचा मोह अनेकांना झाला आहे. रुडोल्फ ओटो या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये शंकराचार्य आणि एकहार्ट यांच्यावर तुलनेचा ग्रंथच लिहिला. पण ख्रिस्ती गूढवाद म्हणजे एकहार्ट असे मानले, तर चित्र एकांगी होते. त्या परंपरेचा मुख्य प्रवाह तेरेसा आणि योहान यांच्याकडून वाहतो, आणि माझ्या मते तो वेदान्तापेक्षा वारकऱ्यांच्या भक्तीला जवळचा आहे.

आविलाची तेरेसा १५७७ मध्ये बासष्ट वर्षांची होती. तिचे आत्मचरित्र तेव्हा धर्मन्यायालयाच्या ताब्यात होते, म्हणून तिने वरिष्ठांच्या सांगण्यावरून नवे पुस्तक लिहायला घेतले. २ जूनला सुरू केले, नोव्हेंबरअखेर संपवले. मधले कित्येक महिने संघाच्या भांडणांत गेले, प्रकृती बरी नव्हती. आत्मा म्हणजे एका अखंड हिऱ्याचा किंवा स्फटिकाचा गड आहे, त्यात सात महाल आहेत, प्रत्येक महालात अनेक दालने आहेत आणि सर्वांत आतल्या महालात राजा राहतो, अशी तिची मांडणी. बहुतेक माणसे तटाबाहेरच वावरतात, आपल्याच गडात काय आहे याची त्यांना कल्पना नसते. आत शिरायचे दार म्हणजे प्रार्थना.

पहिले तीन महाल माणसाच्या प्रयत्नाचे. चौथ्यात काही वेगळे घडू लागते आणि ते सांगायला तेरेसा पाण्याकडे वळते. दोन हौद आहेत. एकात पाणी दुरून, पाटांतून, खटपट करून आणावे लागते. दुसरा झऱ्यावरच बांधलेला आहे. तो आवाज न करता भरतो. पहिले पाणी साधनेचे, दुसरे कृपेचे. बालाघाटाच्या माथ्यावर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला या दोन हौदांतला फरक उलगडून सांगावा लागत नाही.

पाचव्या महालात रेशमाचा किडा येतो. बीड जिल्ह्यात आता तुती लावून रेशीमकोष काढणारे शेतकरी पुष्कळ आहेत. तेरेसाने हा किडा स्वतः पाहिला नव्हता, ऐकीव माहितीवर लिहिते असे ती मोकळेपणी सांगते. किडा पाने खाऊन वाढतो, स्वतःभोवती घर विणतो, त्यात मरतो, आणि त्यातून पांढरे फुलपाखरू निघते. शेतकऱ्याचे लक्ष धाग्याकडे असते, म्हणून कोष फुलपाखरू बाहेर पडण्याआधीच बाजारात जातो. तेरेसाला धाग्याशी कर्तव्य नाही. आत्म्याने विणायचे घर म्हणजे ख्रिस्त, आणि त्या घरात जुना ‘मी’ मरायचा. फुलपाखरू बाहेर आले की ते सुखी होत नाही, हेही ती सांगते. त्याला कुठे बसावे कळत नाही. जुनी पाने आता त्याला रुचत नाहीत.

सहावा महाल वाग्दानाचा, सातवा विवाहाचा. या दोन्हींतला फरक तिने फार बारकाईने दाखवला आहे. वाग्दानात दोन मेणबत्त्यांच्या ज्योती एकत्र आल्यासारखे होते, पुन्हा वेगळ्या करता येतात. विवाहात पावसाचे पाणी नदीत पडावे तसे. हे वाक्य एकटे घेतले तर शुद्ध अद्वैत वाटेल. पण सातव्या महालात पोहोचलेला आत्मा डोळे मिटून बसत नाही. शुभवर्तमानातल्या मार्था आणि मरिया या दोन बहिणींपैकी मार्था घरकाम करते, मरिया येशूच्या पायाशी बसून ऐकते. तेरेसा म्हणते, शेवटच्या महालात दोघी एकत्र हव्यात. मीलनाचे फळ म्हणजे काम. स्वतः तिने स्पेनभर मठ स्थापले.

सहाव्या महालात ती आणखी एका मुद्द्यावर अडून बसते. वरच्या पायरीवर गेल्यावर ख्रिस्ताच्या मानवी रूपाचे चिंतन सोडावे, निराकारात स्थिर व्हावे, असा उपदेश तेव्हाचे काही गुरू करीत. तेरेसाने तो साफ नाकारला. सगुण हे पायरीसारखे वापरून मागे टाकायचे नाही. दत्ताच्या सगुण रूपात रमलेल्या आणि त्याच वेळी पंचीकरण लिहिणाऱ्या दासोपंतांनी हा वाद ओळखला असता.

योहान मीलनाचे गणित अधिक काटेकोरपणे मांडतो. खिडकीच्या काचेवर सूर्यकिरण पडतो. काच मळकट असेल तर उजळत नाही. निर्मळ असेल तर ती इतकी उजळते की किरणच वाटते. तरीही काच काच राहते, किरण किरण. आत्मा देवाच्या सहभागाने देवासारखा होतो, स्वभावाने होत नाही. हा भेद सोडला तर प्रेम करायला समोर कोणी उरत नाही. तुकोबांनी ब्रह्मज्ञानाची एकरूपता दूर सारून भक्तीसाठी दुजेपण मागितले, ते याच कारणासाठी.

काच निर्मळ होते ती अंधारात. योहानाची ‘आत्म्याची काळरात्र’ अनेकदा नुसत्या दुःखाचे नाव म्हणून वापरली जाते, पण ती त्याहून नेमकी गोष्ट आहे. प्रार्थनेतला रस आटतो, देव सोडून गेला असे वाटते, आणि साधकाला आधी मिळालेले गोड अनुभवही निरर्थक होतात. योहान लाकडाचे उदाहरण देतो. आग लागली की ओंडका आधी काळा पडतो, धुमसतो, आतली ओल बाहेर टाकतो. मग स्वतः आग होतो. काळवंडणे हे आगीचेच काम आहे. योहानाला हे पुस्तकातून कळले नव्हते. मूळ कार्मेल संघातल्या बंधूंनीच त्याला डिसेंबर १५७७ पासून ऑगस्ट १५७८ पर्यंत तोलेदोत एका कोंदट खोलीत डांबले होते. तिथून तो पळाला. बेआसच्या भगिनींसाठी पर्वत काढला तो त्यानंतर.

गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातील गूढवादावरच्या इंग्रजी ग्रंथात तुकोबांच्या तळमळीच्या अभंगांना हीच संज्ञा लावली. देव भेटत नाही म्हणून केलेला आकांत, स्वतःच्या दोषांची उघड कबुली, मरणाची भाषा: हे सारे त्यांनी योहानाच्या काळरात्रीच्या प्रकाशात वाचले. ही तुलना मला पटते, कारण ती सिद्धान्ताची नसून अनुभवाच्या क्रमाची आहे. उलट दिशेनेही काम झाले. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२६ पासून मराठी संतकवींची इंग्रजी ग्रंथमाला काढली. तिच्यात दासोपंतांचे चरित्रही आहे. अंबाजोगाईच्या दत्तभक्ताला इंग्रजी वाचकापर्यंत नेणारा हात एका ख्रिस्ती मिशनऱ्याचा होता.

आणि बीडच्या शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगरात या दोन्ही प्रवाहांना एकाच माणसात वाट मिळाली. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होतो. युरोपात या संबोधनाला मोठी, पण कमी परिचित परंपरा आहे. इंग्लंडमधल्या नॉरिच गावी एका चर्चला जोडलेल्या खोलीत एकांतात राहणाऱ्या ज्युलियनने, १३७३ मध्ये आजारपणात झालेल्या दर्शनांवर लिहिताना, येशूला आई म्हटले. आत्म्याचा गाभा देवाशी पहिल्यापासून विणलेला आहे आणि पाप झाले तरी ती वीण उसवत नाही, असे तिचे म्हणणे. लेकरू पडले तर आई ओरडत बसत नाही, उचलते. टिळकांना ही भाषा ज्युलियनकडून घ्यावी लागली नाही. पंढरीच्या वाटेवर ती होतीच.

टिळकांचा आत्मविचार ग्रंथात राहिला नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. ख्रिस्ताच्या शिष्यांची ही बंधुता होती आणि तिच्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जशी जागा होती तशीच न घेतलेल्यांनाही. चर्चमधल्या अनेकांना हे रुचले नाही. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. त्यांचे अर्धवट राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून पूर्ण केले.