समुद्र समोर, बादली अर्धी

जून २०१९ मध्ये आम्ही कॅडेट विंडसर्फिंग शिकायला चेन्नईला गेलो. शीड मागे कलवले की फळी वाऱ्याकडे वळते, पुढे कलवले की वाऱ्यापासून दूर, हे पहिल्याच दिवशी कळले. संध्याकाळी अंगावरचे मीठ धुवायला मात्र प्रत्येकी अर्धीच बादली! शहराला पाणी पुरवणारे चारही मोठे तलाव आटले होते. “सर, समोर एवढा समुद्र असताना टंचाई का?” मी विचारले. सरांनी समजावले : समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. ते बाहेर टाकायला शरीराला प्यायलेल्या पाण्याहून जास्त पाणी लागते. मिंजूर व नेम्मेलीचे प्रकल्प हे पाणी मोठ्या दाबाने सूक्ष्म पडद्यातून गाळून गोडे करतात. पण त्याला वीज फार लागते. शाळेत परतल्यावर पहिल्या अंघोळीला मी बादली अर्धीच भरली.