पहिली गिरणी तोंडांतली

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील दोंडाईचा हें गांव बाहेरच्यांस ठाऊक आहे तें मुख्यतः तेथील मिरचीच्या बाजारामुळें. परंतु ह्याच गांवीं मक्यापासून स्टार्च व पातळ ग्लुकोज तयार करणारा कारखानाहि आहे, आणि पचनक्रियेचा पहिला धडा अशा कारखान्याइतका स्पष्टपणें दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल. मका प्रथम गंधकी वायु मिसळलेल्या ऊन पाण्यांत दीड-दोन दिवस भिजत ठेवितात. मग तो भरडून त्याचा अंकुर, कोंडा व प्रथिन अलग करितात, आणि उरलेल्या पिष्टावर आम्लाची किंवा पाचक द्रव्यांची क्रिया घडवून त्याची साखर बनवितात. भिजविणें, भरडणें व साखर करूं लागणें हीं तिन्ही कामें आपण एका घांसांत, अर्ध्या मिनिटांत उरकतों. निदान उरकावयास हवीं.

ज्यास प्रत्यय पाहिजे त्यानें आजच करून पाहावें. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा, कालवण न लावितां, तोंडांत घेऊन मिनिटभर सावकाश चावावा. आरंभीं बेचव लागणारा तो तुकडा हळूहळू किंचित् गोड लागूं लागतो. ही गोडी लाळेनें निर्माण केलेली असते. कानांपुढें, जबड्याखालीं व जिभेखालीं लाळपिंडांच्या तीन मुख्य जोड्या आहेत; त्यांतून दिवसाकांठीं सुमारें एक ते दीड लीटर लाळ स्रवते. तिच्यांतील अमायलेझ हें द्रव्य पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून मुख्यतः माल्टोज नांवाची साखर करितें. कारखान्यांतील पाचक द्रव्यांपैकीं एक ह्याच जातीचें असतें; मात्र तेथें त्यास मोठी उष्णता द्यावी लागते, येथें अंगची ऊब पुरते.

यावर कोणी म्हणेल, जठर आणि स्वादुपिंड पुढें आहेतच, मग दांतांस एवढे श्रम कशाला? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. जठरांतील आम्लापुढें लाळेचें काम लौकरच थांबतें, आणि पिष्टाचा मोठा वांटा लहान आंतड्यांत स्वादुपिंडाच्या रसानें पचतो. पण त्या रसास दांत नाहींत. १८२२ सालीं अमेरिकेंत अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुणाच्या पोटास बंदुकीच्या बारानें कायमचें भोंक पडलें. त्यांतून डॉ. विल्यम बोमाँट ह्यांनीं दोऱ्यास बांधलेले अन्नाचे तुकडे जठरांत सोडून पुष्कळ प्रयोग केले, व अन्न जितकें बारीक तितकें तें लवकर पचतें, असा निष्कर्ष १८३३ सालीं प्रसिद्ध केला. मक्याच्या दाण्याची साल तर मनुष्याच्या कोणत्याहि पाचक रसानें विरघळत नाहीं. भाजलेल्या कणसाचा न चावलेला दाणा जसाच्या तसा बाहेर पडतो, हें लहान मुलांच्या आयांस सांगावयास नको! मात्र घांस मोजीत बसण्याचें वेड आम्हांस मान्य नाहीं. जेवण म्हणजे कांहीं जपमाळ नव्हे.

खानदेशी ताटांत आणखी एक गोष्ट घडते. ठेचा झोंबला म्हणजे लाळ भराभर सुटते. परंतु त्याच क्षणीं माणूस घांस अर्धवट चावून पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकतो. मिरचींतील दाहक द्रव्य पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, स्निग्धांत विरघळतें. म्हणून अशा वेळीं तांब्याकडे न वळतां दूध किंवा दही घ्यावें.

एकत्र कुटुंबांत घाईचे घांस कोणाच्या वांट्यास येतात, हें पाहण्याजोगें आहे. मुलांस शाळेची घाई असते, तिचा बोभाटाहि होतो. परंतु अजूनहि पुष्कळ घरांत सर्वांचें वाढून झाल्यावर शेवटीं बसणाऱ्या सुना पुढच्या कामाच्या धास्तीनें पांच मिनिटांत पान उरकतात, त्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. पंगत एकच मांडून ज्यानें त्यानें आपलें वाढून घेतलें, तर ही घाई बरीचशी टळेल.

दांत गेलेल्या आजोबांस दुधांत भाकरी कुस्करून देण्याची आपली रीत उत्तम आहे. हातानें तेथें दांतांचें काम केलेलें असतें. लाळेचें काम मात्र उरतेंच. म्हणून तो काला चमच्यामागून चमचा भराभर भरवूं नये, प्रत्येक घांस त्यांस तोंडांत घोळवूं द्यावा. आणि सैल झाली म्हणून कवळी डबींत पडून राहिली असेल, तर ती दंतवैद्याकडून एकदां नीट बसवून घ्यावी.